मज्जानलिका : गर्भाचे पहिले अठ्ठावीस दिवस
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विज्ञानाच्या एखाद्या विषयावर बोला, असे मोघम आमंत्रण मला मिळाले. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले की वक्ता बहुधा अणुशक्ती किंवा अंतराळ यांवर बोलतो. मी मात्र खसखशीच्या दाण्याएवढ्या एका वस्तूवर बोलणार आहे.

लातूर आणि नांदेड ही दोन शहरे आज साऱ्या महाराष्ट्रात डॉक्टर घडविणारी शहरे म्हणून ओळखली जातात. नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरची मुले येथे खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांत आपल्या समाजाच्या मुलीही आता लक्षात येण्याइतक्या संख्येने आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच घरात, जेथे टेबलावर जीवशास्त्राची जाडजूड पुस्तके पडलेली असतात, तेथे ग्रहणाच्या दिवशी गरोदर भाभीला काही चिरू देत नाहीत, सुई हाती घेऊ देत नाहीत. घरात आपण 'गहन' म्हणतो, शेजारचे 'ग्रहण' म्हणतात. भीती दोघांची एकच. पुढे दुर्दैवाने मूल व्यंग घेऊन जन्मले की सासू विचारते, "गहनात काय कापलं होतंस?" या प्रश्नाला उत्तर देता यावे एवढ्यासाठीच आजचा विषय आहे.

विद्यार्थ्यांनो, प्रथम तुम्हाला एक प्रश्न विचारते. गर्भात सुरुवातीला तीन स्तर असतात, बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर. बाह्यस्तरापासून त्वचा होते आणि त्याच स्तरापासून मेंदूही होतो, हे तुम्हाला पाठ आहे. पण जो थर अंगावरचे कातडे होतो, त्याचाच एक भाग कवटीच्या आत आणि मणक्यांच्या पोकळीत जाऊन कसा बसला? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून कोणी विचारीत नाही.

गर्भधारणेनंतर अठराव्या दिवसाच्या सुमारास गर्भ जेमतेम दीड मिलिमीटर लांब असतो. त्याला डोके नाही, हातपाय नाहीत, धडधडणारे हृदय नाही. आकार म्हणाल तर चपलेच्या तळव्यासारखा, चपटा. या तळव्याच्या मधोमध, वरच्या थराखाली, पेशींची एक दोरी तयार झालेली असते. तिला पृष्ठरज्जू म्हणतात. मासा असो, बेडूक असो, कोंबडी असो वा माणूस, पाठीचा कणा असलेल्या प्रत्येक प्राण्याच्या गर्भात ही दोरी असते. तिच्या बरोबर वरचा थर जाड होऊ लागतो आणि त्याची एक लांबट पट्टी बनते. ही मज्जापट्टी. हिच्यातच तुमचा मेंदू आणि तुमचा मज्जारज्जू, दोन्ही आहेत, पण अजून ते पसरलेल्या चटईसारखे उघडे पडलेले आहेत.

मग ही पट्टी दुमडते. शक्ती कोठून येते? बाहेरून कोणी तिला दुमडत नाही. काम पेशीच करतात. बाजूच्या पेशी मध्यरेषेकडे सरकतात आणि एकमेकींच्या मध्ये शिरतात. उरुसाची रुंद गर्दी अरुंद दरवाजापाशी आली की जशी लांब रांग होते, तशी पट्टी अरुंद आणि लांब होते. त्याच वेळी मध्यरेषेवरच्या पेशींत आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक पेशी उभ्या विटेसारखी असते आणि तिच्या वरच्या टोकाशी प्रथिनाचे बारीक तंतू असतात. ते आवळले गेले की, चंचीची दोरी ओढल्याप्रमाणे, पेशीचे वरचे तोंड लहान होते आणि विटेची पाचर होते. पाचरीच्या आकाराच्या विटा शेजारी शेजारी लावल्या की काय होते, हे कोणत्याही गवंड्याला विचारा. कमान होते. येथे कमान उलटी, म्हणून पट्टीला मधोमध पन्हळ पडते. पन्हळीच्या दोन्ही कडा उंच होतात, एकमेकींकडे झुकतात आणि शेवटी मिळतात.

करंजीच्या कडा जुळविताना तुम्ही पाहिल्या असतील. तसेच येथे होते, फरक इतकाच की जोड बसल्यावर आतली नळी वरच्या थरापासून सुटी होते आणि तिच्यावरून बाह्यस्तर, म्हणजे उद्याची त्वचा, अखंड मिटते. या आतल्या नळीला मज्जानलिका म्हणतात. आजच्या काही पुस्तकांत चेतानलिका असेही म्हटलेले आढळेल, आणि महाविद्यालयात 'न्यूरल ट्यूब' हेच नाव कानावर पडेल. तिचा डोक्याकडचा भाग फुगून मेंदू होतो, उरलेला भाग मज्जारज्जू. आतली पोकळीही वाया जात नाही. मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या त्या मूळ नळीच्याच पोकळ्या आहेत.

जुळणी साधारण बाविसाव्या दिवशी मानेच्या भागात सुरू होते. तेथून ती दोन्ही दिशांना, डोक्याकडे आणि कमरेकडे, सरकत जाते. डोक्याकडचे उघडे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते, कमरेकडचे सत्तावीस-अठ्ठाविसाव्या दिवशी. अगदी शेवटचा माकडहाडाजवळचा तुकडा निराळ्या रीतीने होतो. तेथे पेशींचा भरीव दांडा आधी बनतो आणि मग तो पोकळ होतो. अठ्ठाविसाव्या दिवशी सारा गर्भ तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा असतो.

हे सारे डोळ्यांनी पाहता येते, आणि त्यासाठी परदेशी जायला नको. कोंबडीच्या अंड्यात हीच कृती काही तासांत उरकते. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या गर्भाच्या काचपट्ट्या असतात. आपण त्यांच्या आकृत्या काढतो, गुण घेतो आणि विसरून जातो. त्या काचपट्ट्या एकदा सलग लावून पाहा. उबवणीच्या पहिल्या दिवसाच्या अखेरीस डोक्याकडची घडी उठलेली दिसते, त्यानंतर तीन-चार तासांत मेंदूच्या भागात कडा भेटतात, तेहतिसाव्या तासाला मेंदूचे फुगवटे ओळखू येतात. ताजा गर्भ पाहायचा असेल तर अंडे मात्र गावरान, कोंबडा असलेल्या घरचे घ्यावे. दुकानातले पोल्ट्रीचे अंडे फळलेले नसते. ते कितीही दिवस उबवले तरी त्यातून काही निघत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला मोठी परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर संशोधन केले आणि विद्यार्थी तयार केले. त्या एडिंबरो येथे वॉडिंग्टन या नामांकित शास्त्रज्ञाकडे शिकल्या होत्या. पक्ष्याच्या गर्भाचा कोणता भाग शेजारच्या पेशींना 'तू मेंदू हो' असे सांगतो, याच्या शोधात वॉडिंग्टनचे नाव घ्यावेच लागते.

हा 'सांगण्याचा' शोध मूळचा जर्मनीतला. हिल्डे मँगोल्ड नावाच्या तरुण विद्यार्थिनीने पाणसरड्याच्या गर्भातील एक छोटा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला. तेथे दुसरी मज्जानलिका उगवली, आणि तीही लावलेल्या तुकड्यापासून नव्हे, तर मुख्यतः यजमान गर्भाच्या पेशींपासून. म्हणजे त्या तुकड्याने शेजाऱ्यांना हुकूम दिला होता. हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्वयंपाकघरात भडका होऊन, भाजून, हिल्डे वारली. वय पंचवीस, पदरी तान्हे मूल. तिचे गुरू हान्स श्पेमान यांना १९३५ साली या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा, कारण बक्षिसांच्या यादीत ते तुम्हाला सापडणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कडा जुळल्याच नाहीत तर? डोक्याकडचे तोंड उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी घडत नाही. असे मूल जगत नाही. कमरेकडे जोड अपुरी राहिली तर मणक्यांच्या कमानी उघड्या राहतात आणि पाठीवर पाण्याने भरलेला गोळा दिसतो. त्याला 'स्पायना बायफिडा' म्हणतात. अशा मुलाच्या पायांत शक्ती कमी असू शकते, लघवी-शौचावर ताबा नसतो, पुष्कळदा डोक्यात पाणी साचते. भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हजार जन्मांमागे सुमारे चार मुलांत असे दोष आढळले. हे प्रमाण थोडे नाही.

आणि आता सासूबाईंचा प्रश्न घ्या. ग्रहणात भाजी चिरली तेव्हा सुनेला कितवा महिना होता? पाचवा, सहावा. म्हणजे तिची गर्भावस्था घरात सर्वांना ठाऊक होती, म्हणून तर तिला बसवून ठेवले. परंतु मज्जानलिका पहिल्या महिन्यातच मिटलेली, किंवा उघडी राहिलेली, असते. चार महिन्यांपूर्वी झालेली गोष्ट आजच्या ग्रहणाने कशी होईल? चंद्रसूर्यावर ठेवलेला आरोप तारखेनेच खोटा ठरतो.

तारखेचा हा हिशेब नीट समजून घ्या. गर्भाचा अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून सुमारे दोन आठवडे. कित्येक स्त्रियांना तोवर शंकासुद्धा येत नाही. नवी नवरी असेल तर लाजेने सांगत नाही, लेकुरवाळी असेल तर कामाच्या धबडग्यात दिवस मोजत नाही. ती दवाखान्यात जाते, नाव नोंदवते, गोळ्या मिळतात, तेव्हा तिसरा महिना लागलेला असतो. काळजी सुरू होते, पण जिच्यासाठी ती हवी होती ती नलिका केव्हाच मिटून गेलेली असते.

कोणती काळजी? येथे मला तुम्हाला मुंबईला न्यावे लागेल, कारण ही गोष्ट तेथे सुरू होते, आणि ती आपल्याच समाजातील स्त्रियांची गोष्ट आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः कापड गिरण्यांच्या कामगार वस्तीतील स्त्रियांना, एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्त कमी, पण तांबड्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या. कित्येक जणी त्यात दगावत. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून काम केले आणि कोण काय खाते याची बारकाईने नोंद केली. त्यांना दिसले की सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान स्त्रियांचा होता आणि हा रोगही त्यांच्यातच सर्वांत अधिक होता. कोणी म्हणाले असते की ही त्या जमातीची खोड आहे. विल्सबाईंनी कारण ताटात शोधले. यीस्टचा अर्क, जो विलायतेत 'मार्माइट' या नावाने पावाला लावून खात, तो स्वस्त होता. तो दिला आणि आजारी बाया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय होते हे तेव्हा कळले नव्हते, म्हणून पुष्कळ वर्षे त्याला 'विल्स घटक' म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. ते कारखान्यात बनविण्याची रीत १९४५ पर्यंत लेडर्ले कंपनीच्या ज्या चमूने बसविली, त्याचे प्रमुख आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. पेशी दुभंगून दोन होताना आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. रक्ताच्या पेशी सतत वाढतात, म्हणून त्याच्या कमतरतेने पंडुरोग. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील गर्भ? त्याच्याइतक्या घाईने वाढणारे दुसरे काय आहे!

तरीही पुरावा मिळायला वेळ लागला. १९६५ साली इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी अशा मुलांच्या मातांमध्ये फोलिक ॲसिडच्या वापरात बिघाड दिसतो, असे सुचविले. पक्का निकाल १९९१ साली लागला. सात देशांतील ३३ केंद्रांत, ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा १,८१७ स्त्रियांवर ही चाचणी झाली. कोणाला कोणती गोळी मिळते हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नाही. दोष असलेले २७ गर्भ आढळले. त्यांतील २१ फोलिक ॲसिड न मिळालेल्या गटात आणि सहा मिळालेल्या गटात होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. बाकीच्या स्त्रियांना गोळीवाचून ठेवणे योग्य राहिले नव्हते. अमेरिकेने १९९८ पासून पिठात हे जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले.

आपल्याकडे काय आहे ते सांगते. शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देण्याची योजना आहे. तिच्यात लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. मुली ती दप्तरात टाकतात आणि घरी येऊन फेकून देतात, हे मला माहीत आहे. मुलीला मूल न होण्याची गोळी देतात, अशी कुजबुजही मी ऐकली आहे. ती निखालस खोटी आहे. परंतु दुसरी गोष्टही तितकीच सरळ सांगितली पाहिजे. आठवड्याची निळी गोळी ही पंडुरोगासाठी आहे; मज्जानलिकेसाठी ती पुरेशी नाही. त्यासाठी ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड रोज हवे, आणि ते दिवस राहण्यापूर्वी निदान महिनाभर सुरू करून तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायचे असते. म्हणजे निकाहाची तारीख ठरते तेव्हा जोडे, जेवण, मंडप यांच्या यादीत या गोळीला जागा हवी. गोळी स्वस्त आहे. ज्या मातेला आधी असे मूल झाले आहे, तिला याच्या दहापट मात्रा लागते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणावी. मिरगीसाठी वॅल्प्रोएट चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये, पण दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे. त्या औषधाने हा धोका वाढतो.

आहाराचे म्हणाल तर लातूरच्या आडत बाजारात जे पोत्यांनी येते तेच कामाचे आहे. तूर, हरभरा, मूग या डाळी, भुईमूग, पालक, मेथी, अंबाडी. भाजी फार वेळ उकळून पाणी ओतून दिले तर निम्मा गुण मोरीत जातो. कलेजीतही फोलेट भरपूर असते, पण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असल्याने गरोदरपणी ती वारंवार खाऊ नये. रेशनच्या तांदळात २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ असलेले दाणे मिसळण्यात आले, तेव्हा पुष्कळ घरांत ते 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून टाकले गेले. ते दाणे तांदळाच्या पिठाचेच असतात. मात्र आहार कितीही चांगला असला तरी त्या काळात गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

एका गोष्टीची मला धास्ती वाटते. उद्या असे मूल जन्मले की सासू म्हणेल, "गोळी का घेतली नाहीस?" आरोप बदलेल, आरोपी तीच राहील. त्या चाचणीतले सहाही विसरू नका. गोळी घेऊनही त्यांच्यात दोष आढळला. त्यांनी काय चुकविले होते? काहीच नाही. कारणे अनेक असतात, काही आनुवंशिक, काही अजून उलगडत आहेत, आणि आनुवंशिक म्हणजे केवळ आईकडूनच असेही नाही. आणि गोळी वेळेवर घेतली जावी ही जबाबदारी एकट्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची कशी? तिला कोणी सांगितले होते? आणून कोणी दिली होती?

ज्या घरात असे मूल आहे त्यांच्यासाठी सांगते. पाठीवर गोळा असलेले मूल जन्मले तर ताईत बांधून वाट पाहू नये. गोळ्यावर स्वच्छ ओलसर कपडा ठेवून, बाळाला पालथे किंवा कुशीवर निजवून, लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांतच करावयाची असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे, त्यामुळे तपासणी आणि उपचार यांसाठी आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावे. पुष्कळ मुलांची बुद्धी उत्तम असते. ती शाळेत येत नाहीत याचे कारण मेंदू नव्हे, पायऱ्या आणि संडास हे आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की नव्या इमारतीत निदान एक वर्ग आणि एक स्वच्छतागृह तळमजल्यावर, उतारासह ठेवावे.

व्याख्यानानंतर चिठ्ठ्यांतून प्रश्न आले. दोघांची उत्तरे येथे देते.

एका पालकांनी विचारले की नात्यातल्या लग्नाने असे होते काय? जवळच्या नात्यात लग्न झाले तर एकूण जन्मजात दोषांचा धोका काहीसा वाढतो, हे खरे आहे. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्ने होतात, शेजारी मामाच्या मुलीशी होतात, दोघांनाही हे सारखेच लागू आहे. पण नात्याबाहेर लग्न केले म्हणून मज्जानलिकेचा दोष टळतो असे मुळीच नाही. अशी बहुतेक मुले नात्याबाहेरच्या जोडप्यांनाच होतात.

दुसरी चिठ्ठी अकरावीतल्या मुलीची होती. निळ्या गोळीने मळमळते आणि शौचास काळे होते, म्हणून अम्मी घेऊ देत नाही. काळे होते ते गोळीतल्या लोहाने. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नकोस, जेवणानंतर घे, आणि त्यावर लगेच चहा पिऊ नकोस.